मिहानमधली नोकरी, भर उन्हाळा आणि दूध काढण्याचा पंप: निवड कशी करावी?

मानेवाडाकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी सध्या साडेतीन महिन्यांची असून ती पूर्णपणे अंगावरच्या दुधावर आहे. माझी 26 आठवड्यांची प्रसूती रजा एप्रिलअखेर संपते, त्यामुळे मी कामावर रुजू होईन तेव्हा ती जेमतेम पाच महिन्यांची असेल आणि वरचे अन्न सुरू होण्यास अजून महिनाभराचा अवकाश असेल. कार्यालय नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात आहे. घरापासून मेट्रो स्थानकापर्यंत दुचाकी, तेथून खापरी आणि पुढे कंपनीची बस असा प्रवास धरला, तर रोज सुमारे दहा तास मी बाळापासून दूर असेन. दिवसा तिला सासूबाई सांभाळणार आहेत.

पंप घ्यायचा हे ठरले आहे, परंतु बाजार पाहू लागल्यापासून गोंधळ वाढतच गेला आहे. हजाराच्या आतबाहेर मिळणाऱ्या हातपंपापासून त्याच्या कितीतरी पट किमतीच्या दुहेरी विद्युत पंपापर्यंत सर्व काही समोर आहे. मधल्या पट्ट्यात मेडेला, फिलिप्स अव्हेंट, स्पेक्ट्रा, पिजन, लव्हलॅप अशी नावे येतात आणि प्रत्येकाखाली निम्म्या जणी स्तुती करतात, तर निम्म्या जणी नावे ठेवतात. जाहिरातींत ओढीचे मोठमोठे आकडे दिलेले असतात. जितका आकडा मोठा तितका पंप चांगला, असे समजायचे का? माझी नणंद अमेरिकेत असते आणि तेथून चांगला पंप पाठवण्यास ती तयार आहे. तो इथे चालेल का? अंतर्वस्त्रात बसवायचे बिनवायरीचे पंपही पाहिले. कार्यालयात केवळ एक लहान बैठकीची खोली मागितल्यावर मिळते, त्यामुळे तो पर्याय मोहात पाडतो आहे.

आणखी एक चिंता उन्हाळ्याची आहे. दुपारी काढलेले दूध मे महिन्याच्या उन्हात संध्याकाळी घरापर्यंत चांगले राहील का, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. सासूबाईंचा विरोध नाही, पण "दूध का यंत्रानं काढत असतात का बापा?" हा त्यांचा प्रश्न दिवसातून एकदा तरी येतोच.

अंबाझरी यांचे उत्तर

ताई, मी एका बँकेत नोकरी करते आणि बाळ लहान असताना माझीही हीच धावपळ झालेली आहे. माझे मत असे की, कंपनीचे नाव ठरवण्याआधी दिवसातून किती वेळा आणि किती दूध काढावे लागणार आहे याचा हिशेब करावा, कारण पंपाचा प्रकार त्यावरून जवळजवळ आपोआप ठरतो.

एक महिना ते सहा महिने या वयात केवळ अंगावर पिणारे बाळ चोवीस तासांत सरासरी 750 ते 800 मिलिलिटर दूध पिते. काही बाळे यापेक्षा बरीच कमी पितात, काही बरीच जास्त. ढोबळ हिशेबाने आई दूर असेल त्या प्रत्येक तासाला 30 मिलिलिटर धरतात. तुमच्या दहा तासांसाठी म्हणजे सुमारे 300 मिलिलिटर लागेल आणि ते मिळवण्यासाठी कामाच्या वेळेत निदान तीनदा दूध काढावे लागेल. बाळ ज्या वेळी प्यायले असते, साधारण त्याच वेळी काढणे चांगले. छाती भरलेली तशीच राहिली तर शरीर मागणी कमी झाली असे समजते आणि पुढच्या काही दिवसांत दूध कमी तयार करू लागते.

रोज तीनदा हातपंप दाबणे एखाद्या आठवड्यापुरते जमते. पुढे मनगट आणि अंगठा तक्रार करू लागतात. एकाच बाजूचा विद्युत पंप घेतला, तर दोन्ही बाजूंना मिळून प्रत्येक खेपेला अर्धा तास सहज जातो, आणि तेवढा वेळ बैठकीच्या खोलीचे दार आतून लावून बसणे कोणत्याही कार्यालयात अवघडच. दुहेरी पंपाने हाच वेळ जवळपास निम्म्यावर येतो. म्हणून तुमच्या परिस्थितीत मी दुहेरी विद्युत पंपाशिवाय दुसरे काही सुचवणार नाही. आठवड्यातून एखाद्या दिवशी दोन तास बाहेर जाणाऱ्या आईने मात्र त्यावर पैसे घालवू नयेत. तिला साधा हातपंप पुरतो.

अंतर्वस्त्रातल्या पंपांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. काही जणींना ते उत्तम जमतात, परंतु वाकले की दूध सांडते, नीट बसला आहे की नाही हे आत दिसत नाही, आणि शांत खोलीत त्याची घरघर शेजारच्या व्यक्तीला ऐकू येते. पूर्ण वेळ बाळापासून दूर राहणाऱ्या आईने पहिलाच आणि एकमेव पंप म्हणून तो घेऊ नये. दुहेरी पंपासोबत पुढे भोके असलेली पंपिंग ब्रा घेतली, तर हात मोकळे राहण्याचा हेतू बऱ्याच कमी खर्चात साधतो.

खोलीविषयीही थोडे लिहिते, कारण या बाबतीत आपण संकोचाने मागणीच करत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार रजेवरून परतलेल्या आईला, बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुटी मिळते. या संहितेने ज्याची जागा घेतली त्या 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यातही ही तरतूद होती. त्या कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन घातले आणि आईला तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा दिली. कामाचे स्वरूप तसे असेल, तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याबाबत मालक आणि कर्मचारी यांनी परस्पर संमतीने ठरवावे, असेही त्याच दुरुस्तीत होते. तुमच्या मनुष्यबळ विभागाला रुजू होण्याआधीच लेखी पत्र द्यावे आणि त्यात खोली, वेळा व फ्रिज या तिन्ही गोष्टींचा स्पष्ट उल्लेख करावा. आयत्या वेळी तोंडी विचारले तर "बघू" एवढेच उत्तर मिळते.

उपकरणदुरुस्ती यांचे उत्तर

मी रुग्णालयांतील उपकरणांच्या देखभालीचे काम करतो, म्हणून यंत्राच्या बाजूनेच लिहितो. वैद्यकीय सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही.

प्रथम ओढीच्या आकड्याविषयी. ही ओढ पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. रुग्णालयांत वर्षानुवर्षे चालणाऱ्या पंपांचीही कमाल मर्यादा साधारण 250 च्या आसपास असते आणि बहुतेक माता त्याच्याही बऱ्याच खाली काम भागवतात. त्यामुळे डब्यावर छापलेला त्याहून मोठा आकडा हा गुण नव्हे. खरा फरक लयीत असतो. बाळ छातीला लागताच आधी भराभर आणि हलके ओढते. पान्हा फुटला की ओढणे संथ आणि खोल होते. चांगला पंप याच क्रमाने चालतो: सुरुवातीला मिनिटाला शंभराहून अधिक हलके झटके, नंतर साधारण साठाच्या आसपास संथ ओढ. ओढ आणि वेग या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतात का, हे दुकानात पंप चालू करून पाहावे. स्वस्त पंपांत बहुधा एकच कळ असते आणि तिने दोन्ही एकदमच वाढतात.

दुसरी बाब बंद आणि उघड्या रचनेची आहे. बंद रचनेत दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा असतो, त्यामुळे दूध किंवा त्याची वाफ नळीतून मोटरपर्यंत पोहोचत नाही. उघड्या रचनेत ते पोहोचू शकते आणि आत बुरशी धरली तर ती बाहेरून दिसतही नाही, काढताही येत नाही. त्यामुळेच मैत्रिणीने किंवा जावेने वापरलेला उघड्या रचनेचा पंप घेऊ नये. बंद रचनेचा वापरलेला पंप घ्यायचाच झाला, तरी कप (म्हणजे छातीवर बसणारा भाग), झडपा आणि नळ्या नव्या घ्याव्यात व मोटरमध्ये किती जीव उरला आहे ते पाहावे. अनेक मातांनी वापरावा अशाच हेतूने बनवलेले रुग्णालयीन पंप वेगळे. त्यांत प्रत्येकीचा संच स्वतंत्र असतो. असे पंप भाड्याने मिळतात का, याची चौकशी धंतोली आणि रामदासपेठेतील सर्जिकल साहित्याच्या दुकानांत जरूर करावी. दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न असेल, तर विकत घेण्यापेक्षा ते परवडू शकते.

अमेरिकेहून येणाऱ्या पंपाविषयी: तेथील वीज 120 व्होल्टची, आपली 230 व्होल्टची. अडॅप्टरवरील बारीक अक्षरांत इनपुट 100 ते 240 व्होल्ट असे छापलेले असेल, तर केवळ पिनेचा जोड बदलून तो इथे चालेल. फक्त 120 लिहिले असेल, तर तो थेट लावू नये. यूएसबीवर चार्ज होणाऱ्या पंपाला हा प्रश्नच येत नाही. मोठी अडचण हमीची आहे, कारण परदेशात घेतलेल्या यंत्राची हमी बहुधा इथे लागू होत नाही, आणि सुटे भाग मागवताना दर वेळी नणंदेला त्रास द्यावा लागेल.

सुट्या भागांचा मुद्दा किरकोळ वाटेल, परंतु "पंपाची ओढ गेली" म्हणून जे पंप माझ्यासमोर येतात, त्यांतल्या बहुतेकांची मोटर ठणठणीत असते आणि बिघडलेली असते ती कपाखालची लहानशी सिलिकॉनची झडप. बदकाच्या चोचीसारखी दिसणारी ही झडप रोजच्या वापराने सैल पडते आणि तिच्या फटीतून हवा शिरते. दिवसातून तीनदा पंप चालणार असेल, तर दर एक-दोन महिन्यांनी ती बदलावी लागेल असे धरून चालावे आणि एक जोडी कायम जवळ ठेवावी. ज्या पंपाच्या झडपा, पडदे आणि वेगवेगळ्या मापांचे कप भारतात सहज मिळतात, तोच पंप घ्यावा. सीताबर्डीच्या दुकानदाराला पंपाची किंमत विचारण्याआधी झडपेची विचारा. त्याच्या चेहऱ्यावरूनच पुष्कळ कळेल.

शेवटी बॅटरी. महावितरणचा भरवसा उन्हाळ्यात किती धरायचा हे आपण सारे जाणतो, तेव्हा बॅटरीवर किंवा पॉवर बँकेवर चालणारा पंप बरा. स्पेक्ट्राच्या एस 1 मध्ये बॅटरी आहे आणि एस 2 मध्ये नाही, हे दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे असल्यामुळे घेताना नीट पाहावे. लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या चार्जिंगची वरची मर्यादा साधारण 45 अंशांची असते. मे महिन्यात दुचाकीच्या डिक्कीत ठेवलेला पंप ही मर्यादा उभ्या उभ्या ओलांडतो. तो कार्यालयात गार झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.

परिचारिका_मेडिकलचौक यांचे उत्तर

मी प्रसूती कक्षात काम करते. वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, मात्र ज्या गोष्टीमुळे सर्वाधिक माता त्रासतात ती अजून कोणी लिहिलेली नाही. ती म्हणजे कपाचे माप.

पंपासोबत बहुधा 24 मिलिमीटरचा कप येतो आणि तोच सर्वांना चालतो असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात अनेक जणींना 21, 19 किंवा 17 चा कप लागतो, तर काहींना 27 किंवा त्याहून मोठा. बाळाला पाजण्यापूर्वी, सूज नसताना, स्तनाग्राच्या बुडाचा व्यास पट्टीने मोजावा आणि त्याहून एक ते तीन मिलिमीटर मोठा कप निवडावा. दोन्ही बाजूंचे माप वेगळे असू शकते. पंप चालू असताना स्तनाग्र नळीत मोकळेपणाने पुढेमागे व्हायला हवे. ते कडांना घासत असेल तर कप लहान आहे. भोवतालचा काळसर भागही आत खेचला जात असेल तर कप मोठा आहे. दुखत असताना ओढ वाढवत नेणे हा तर सर्वांत वाईट उपाय. दुखण्याने आणि ताणाने पान्हा अडतो, मग दूध कमी येते, मग ओढ आणखी वाढवली जाते आणि अखेर चिरा पडून बाळाला पाजणेही कठीण होते. पंप वीस हजारांचा असो की दोन हजारांचा, चुकीच्या मापाच्या कपातून दोन्ही सारखेच निरुपयोगी ठरतात.

पंप घेतला तरी हाताने दूध काढणे शिकून घ्या. अंगठा आणि बोटे स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवून आधी छातीच्या दिशेने मागे दाबायचे आणि मग एकमेकांकडे दाबायचे. बोटे त्वचेवर घासत पुढे न्यायची नाहीत. पंप बंद पडला, झडप घरी राहिली किंवा छाती दगडासारखी झाली, तर ही कला कामी येते. पंप संपल्यावरही एक-दोन मिनिटे हाताने काढल्यास आणखी दूध निघते. सासूबाईंना हे दाखवा. यंत्राविषयी शंका घेणाऱ्या पिढीला हाताने दूध काढणे मात्र परके नसते आणि त्यांच्या हातात कदाचित तुमच्यापेक्षा जास्त कसब निघेल. गाठ आली, ताप आला, त्वचा लाल होऊन दुखू लागली, तर पंपाने पुन्हा पुन्हा रिकामे करत बसू नका; त्याने सूज वाढते. थंड शेक द्यावा, बाळाला नेहमीप्रमाणे पाजावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

आता उन्हाळा. काढलेले दूध खोलीच्या तापमानाला चार तास टिकते असे सगळीकडे वाचायला मिळते, पण तो नियम 25 अंश किंवा त्याहून कमी तापमानासाठी आहे. नागपुरात एप्रिल-मेमध्ये कूलर चालू असतानाही घरात 25 अंश नसतात, म्हणून दूध काढल्याबरोबर थंड करायचे एवढेच लक्षात ठेवा. फ्रिजमध्ये ते चार दिवस चांगले राहते, मात्र दारातल्या कप्प्यात न ठेवता मधल्या फळीवर मागच्या बाजूला ठेवावे. गोठवलेल्या जेलच्या पिशव्या टाकलेल्या उष्णतारोधक पिशवीत ते 24 तासांपर्यंत राहू शकते. त्यामुळे तुमचा खापरी ते मानेवाडा हा प्रवास अवघड नाही. अट अशी की दूध पिशवीत ठेवण्यापूर्वीच फ्रिजमध्ये गार झालेले असावे, जेल पूर्ण गोठलेले असावे आणि पिशवी डिक्कीत न ठेवता अंगाजवळ सावलीत असावी. ताजे कोमट दूध आधीच्या गार दुधात लगेच मिसळू नये. ते गार करून मग एकत्र करावे.

साठा करण्याच्या मागे लागू नका. समाजमाध्यमांवर दुधाच्या पिशव्यांनी भरलेले फ्रीझर पाहून नव्या मातांना धडकी भरते, परंतु तुम्हाला पहिल्या दिवसापुरते आणि थोडे अडीनडीचे एवढेच दूध हवे आहे. त्यानंतर सोमवारी काढलेले मंगळवारी आणि शुक्रवारी काढलेले पुढच्या सोमवारी वापरले जाते, जे चार दिवसांच्या आतच बसते. एकदारी फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात दूध दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये. वेगळे दार असलेल्या फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम राहते.

बाटलीची गरज नाही. पाच महिन्यांचे बाळ वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने व्यवस्थित पिते. तुमच्या सासूबाईंच्या पेटीत चांदीचे बोंडले निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. बाटलीपेक्षा ते धुवायला सोपे असते. सवय रुजू होण्याच्या दोन आठवडे आधीपासून लावा आणि ती सासूबाईंनीच लावावी, कारण आई समोर असताना बाळ दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. दूध गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करावे. थेट गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. बाळाने उष्टावलेले दूध दोन तासांत संपले नाही तर टाकून द्यावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते टाकणे जिवावर येते, म्हणून एका भांड्यात 60 मिलिलिटरपेक्षा जास्त भरूच नका.

मानेवाडाकर यांचे प्रतिउत्तर

तिघांचेही मनापासून आभार. माप घेतले, दोन्ही बाजूंना 16 मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणजे पंपासोबतचा 24 चा कप माझ्या उपयोगाचा नाही, हे खरेदीपूर्वीच कळले. बंद रचनेचा, बॅटरीवर चालणारा, दुहेरी पंप भारतातूनच घ्यायचे ठरवले आहे आणि नणंदेला तसे कळवले आहे. मनुष्यबळ विभागालाही पत्र लिहिते आहे.

दोन शंका उरल्या आहेत. कार्यालयात प्रत्येक वेळी सर्व भाग धुणे शक्य दिसत नाही. ते तसेच फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा वापरले तर चालते का? आणि आज हाताने काढून फ्रिजमध्ये ठेवलेल्या दुधावर वर साय आल्यासारखा थर दिसतो. ते खराब झाले आहे का?

परिचारिका_मेडिकलचौक यांचे उत्तर

वर आलेला थर म्हणजे दुधातील स्निग्धांश. बाटली हलकेच गोल फिरवली की तो मिसळतो. काही जणींच्या दुधाला साठवल्यावर साबणासारखा वास येतो. तो दुधातल्याच लायपेज या घटकामुळे असतो आणि बाळाला अपायकारक नसतो. मात्र वास आंबट, नासल्यासारखा असेल तर ते देऊ नये.

भागांविषयी सांगायचे तर प्रत्येक वापरानंतर धुणे हेच सर्वांत सुरक्षित. कप, झडपा आणि बाटल्या धुण्यासाठी स्वतंत्र टोपले व ब्रश ठेवावा, कार्यालयाच्या सामाईक बेसिनमध्ये ते थेट ठेवू नयेत, आणि साबणाच्या गरम पाण्याने धुऊन स्वच्छ कापडावर हवेतच वाळू द्यावेत. वेळेची अडचण असेल तर कप आणि झडपांचे तीन संच घ्या, वापरलेला संच पिशवीत बंद करून घरी आणा आणि रात्री एकदमच धुवा. खर्च थोडा वाढेल, पण कार्यालयातली धुलाई टळेल. घरी दिवसातून एकदा पाच मिनिटे उकळून घेणेही चांगले, विशेषतः बाळ दोन महिन्यांच्या आतले किंवा अपुऱ्या दिवसांचे असेल तर. तुमच्या मुलीसाठी ते सक्तीचे नाही.

उपकरणदुरुस्ती यांचे उत्तर

एक पुरवणी. नळ्या धुवायच्या नाहीत. त्यांत बाष्प दिसले तर दूध काढून झाल्यावर कप न लावता पंप काही मिनिटे तसाच चालू ठेवावा, म्हणजे आतला ओलावा निघून जातो. शिवाय 16 मिलिमीटरच्या मापासाठी वेगळा कप न घेता 24 च्या कपात बसणारी 17 किंवा 19 ची सिलिकॉनची चकती मिळते. ती बरीच स्वस्त पडते. दोन्ही मापांची एकेक जोडी मागवून कोणती सुखावह वाटते ते घरीच पाहा, आणि हे सारे मार्चमध्येच करा, कारण माप न जुळल्यास दुसरी जोडी मागवायला वेळ हाताशी हवा.